राख कोणाच्या वाट्याची?

॥ श्री ॥
कारधा, चैत्र वद्य पंचमी

चि. मनिषला ताईचे पोटभर आशीर्वाद. इकडे देवाच्या दयेने सर्व खुशाल. तू वेळेवर जेवत असशीलच (नसशीलच, पण लिहावं लागतं).

तू पुण्याहून पाठवलेली विजेची शेगडी पोचली. "ताई, आता धूर बंद," म्हणालास, आणि खरंच बंद झाला. त्या आनंदात शेगडी पिशवीत घालून मी नणंदेकडे, उषाबाईंकडे गेले. त्यांचं घर वीजकेंद्राच्या चिमणीखाली. नात रुपा दोन महिने खोकते, तेव्हा म्हटलं यांनीही चूल सोडावी. गच्चीवर पापड वाळत होते. एक उचलून म्हटलं, "मिरे बाकी सढळ हातानं घातले, उषाबाई!" (मी मोजून घालते.)

"मिरे कायचे वहिनी! राख होय थे. अन् चूल सोडून मले चार वर्षं झाले."

मग त्याच गच्चीवर मी बिनधुराच्या शेगडीवर चहा केला, आणि त्याचा धूर समोरच्या चिमणीतून वर जाताना पाहिला.

तुझी भाची तेजस्विनी कॉलेजात हेच शिकते. म्हणाली, कोळसा इकडे जळतो, वीज पार पुण्या-मुंबईला जाते. धूर कोणी जाळणाऱ्याच्या नावे लिहितात, कोणी वापरणाऱ्याच्या. मला काही उमजेना, म्हणून सप्ताहातल्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, करणारा, करवणारा, सुचवणारा आणि बरं म्हणणारा, चौघांना पापाचा सारखा वाटा. म्हणजे वीजकेंद्र करणारं, आपण सारे करवणारे, तू सुचवणारा, मी बरं म्हणणारी. (उषाबाई यात कुठेच नाहीत, आणि राख सगळी त्यांच्याच गच्चीवर. हे म्हटलं तर महाराजांनी पोथी पुढे वाचायला घेतली.)

शेगडी फडक्यात बांधून चार दिवस पुन्हा चूल पेटवली. डोळ्यांना धार लागली. हे म्हणतात, "काहून रडून राहिली?" आता काय सांगू! चूल पेटवून रुपाचा खोकला काही थांबला नाही, माझाच सुरू झाला. शेगडी पुन्हा काढली. डॉक्टरांनी रुपाच्या खोलीच्या खिडक्या उघडायच्याच नाहीत म्हणून सांगितलं आहे, आणि ऊन तर बेचाळीसवर गेलं.

शोभाला आशीर्वाद.

तुझी,
सुलोचनाताई

ता. क. शोभा फोनवर म्हणाली, तुम्ही जुना एसी विकायला काढला. विकू नको, उषाबाईंकडे पाठव. बंद खोलीत लेकरू झोपेल कसं?

आणखी एक : तो एसी किती कोळसा खाईल ते तेजस्विनीनं कागदावर काढून दिलं. कागद न वाचता देव्हाऱ्यात ठेवला. एवढा धूर माझ्या एकटीच्या नावे धर, असं देवाला सांगितलं आहे. गाडीभाडं मात्र तू भर.