कळलावी

शुक्रवार, १९ ऑगस्ट

ती. ताई,

नमस्कार, दारातूनच. भावोजींना आज दोन घोट पाणी पचलं, असं नर्सबाई म्हणाल्या. तू पाठ करून बसली होतीस, म्हणून मी आत आलो नाही. तुझ्या कुंड्यांना पाणी घातलंय.

उद्या अकराला वनरक्षकाची चौकशी आहे. त्याची नोकरी जाईल, असं दिसतंय. 'त्याने सावध केलं नाही' ही तक्रार मी लिहिली आणि सही तुझी घेतली. झकास लिहिली. मला ते जमतं, हाच तर घोळ आहे.

रविवारची रानातली फेरी आठव. वेलीवर ती ज्वाळांसारखी लाल-पिवळी फुलं. "ही अग्निशिखा," म्हणालो आणि सुरू झालो. आपल्या मातीतलं काही आपल्याला मारत नाही, विष येतं ते बाहेरून, वगैरे. टाळ्या पडल्या. तू मागून म्हणालीस, "आवर रे, पाय दुखले सगळ्यांचे." लोक हसले. मी चिडलो. नेमका तेव्हाच वनरक्षक तुझ्याकडे हात करून म्हणाला, "साहेब, कळलावी आहे ती. लांबच राहिलेलं बरं."

तू वेलीला लागून उभी होतीस.

मला वाटलं, तुलाच म्हणाला. भांडणं लावणारी. मग मी त्याला सोडलंच नाही. बायकांविषयी बोलायची ही रीत का, इथपासून त्याच्या पगारापर्यंत. तो दोनदा "अहो, वेल..." म्हणाला. मी म्हटलं, "मध्ये बोलायचं नाही." तो मान खाली घालून उभा राहिला, सगळे आमच्याकडे बघत राहिले, आणि भावोजींनी काठीने कंद उकरून पिशवीत टाकला. सोमवारी उकडून खाल्ला, माझ्याच वाक्याच्या भरवशावर.

अग्निशिखेलाच लोक कळलावी म्हणतात. मला पुस्तकातलं नाव ठाऊक होतं, लोकांच्या तोंडातलं नाही. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला तेव्हा कळलं.

ताई, तक्रार मी त्यानंतर तासाभराने लिहिली.

काल त्याला भेटलो. म्हणाला, "मला कुठे तुमच्यासारखं बोलता येतं, साहेब?"

उद्या हे सगळं तिथे सांगणार आहे. सही तुझी, म्हणून आधी तुला. मग तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल. भावोजींना मीच सांगेन. थोडक्यात.

तुझा धाकटा,
कळलाव्या