फ्रिजवरचा तपकिरी पंप

मंगळवार, संध्याकाळ

आज राजारामपुरीतल्या क्लासात शिकवलं: स्टेरॉइड संप्रेरक पेशीत शिरतं, रिसेप्टरला चिकटतं, मग ती जोडी डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करते. म्हणून गुण यायला दिवस लागतात. बोलता बोलता जीभच अडखळली. सासूबाईंचा दम्याचा तपकिरी पंप स्टेरॉइडचाच की! तो सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “ह्येनं काय फरक न्हाय बघ.” पेपर तपासत, मान वर न करता मी म्हटलं, “मग राहू द्या.” पंप महिनाभर फ्रिजवर पडून राहिला. काल त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. माहीत नव्हतं, असं तरी कसं म्हणू?

मघाशी नर्सनं विचारलं, “पंप का सोडला, आजी?”

मी तोंड उघडायच्या आत त्या कौतुकानं म्हणाल्या, “आमची सून बायोलॉजी शिकवती. तिला इचारूनच बंद केला की.”