सुकेशनीच्या दोन दुरुस्त्या

वाशीम, २५ जून २०२३

चि. सुकेशनीस,
दादाचे पोतंभर आशीर्वाद. जय येसू.

फोनवर तुहा आवाज मले अर्धाच ऐकू येते, म्हणून कागद लिहितो. आज चर्चात मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादरनं सांगतलं, साऱ्या धर्मायले लग्नाचा एकच कायदा असावा का, यावर सरकारच्या आयोगानं लोकायची मतं मागवली. फादर म्हने, संसार तुमी करता, तं तुमी प्रापंचिकांनीच बोललं पायजे. लगेच समिती झाली. अध्यक्ष कोन, हे सांगाले नको. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली; आवाज माहाच मोठा.

लग्नाची व्याख्या मीच लिहून राह्यलो. 'एक पुरुष आणि एक स्त्री यांचा राजीखुशीचा, जन्मभराचा पवित्र करार.' तुह्या रूपावयनीनं वाचलं अन् खोकलत उठून गेली. काहून, ते नाई समजलं. तू नर्स होतीस, चार कागद वाचेल हायेस. काही राह्यलं असन तं कळव.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा दादा, फुलचंद


जऊळका, २९ जून २०२३

ति. दादास,
सा. न. वि. वि. व्याख्या पावली. वयनीच्या खोकल्यासाठी गरम पानी देजो.

मले दोन दुरुस्त्या सुचतात. पह्यली वयाची. साठीच्या आसपास कोनी लगन केलं तं लोक हासतात. आपला चुलतभाऊ राजपाल पन्नाशीत बोहल्यावर चढला, तवा तू लग्नाले गेला नाई, अन् वर्षभर त्याच्याशी बोललाबी नाई. असे दादे लय हायेत. तवा वयाची वरची हद्द नाई, हे साफ लिही. दुसरी, एक कॅथलिक अन् एक दुसऱ्या धर्माचा असन, बिशपांची परवानगी असन, तं नातेवाइकानं आडवं येऊ नये. आयोगाले तुहं मन मोठं दिसलं पायजे.

अथी पेरन्या होऊन राह्यल्या. रिटायर झाले तरी पट्ट्या बांधनं सुटलं नाई. स्टेशनापाशी रेल्वेतले मदनसिंग राह्यतात, त्यायच्या पायाची जखम भरून आली. साखरेची बिमारी हाये, पन मानूस गूळ सोडत नाई.

रागावला तरी पत्र लिहीत राहाजो.
सुकेशनी


वाशीम, ९ जुलै २०२३

चि. सुकेशनीस,
आशीर्वाद, अन् शाबासकी वेगळी.

तुह्या दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. मिस्सा झाल्यावर उभं राहून मोठ्यानं वाचल्या. 'नातेवाइकांनी आडवे येऊ नये' याच्यात दम वाटला नाई, म्हणून मीच वाढवलं, 'विशेषतः मोठ्या भावांनी'. काय टाळ्या पडल्या! फादर तर तोंडावर रुमाल धरून बसले. भरून आलं असन. एकेचाळीस सह्या झाल्या. पह्यली माही. कागद आयोगाकडे गेला.

तुह्या हुशारीवर खूश असलेला,
दादा


जऊळका, १३ जुलै २०२३

ति. दादास,
सा. न. वि. वि. आधी खाली बस, मंग वाच.

वाशीमच्या विवाह नोंदणी कार्यालयात परवा एक नोटीस लागली. सुकेशनी, वय एकोणसाठ. मदनसिंग, वय त्रेसष्ट. बिशपांकडे फादरनं महिन्याआधीच अर्ज धाडला. म्हणून तो रुमाल. वयनीचं लुगडंबी घेऊन झालं.

तुले फसवलं, हे खरं. सरळ सांगतलं असतं तं तू राजपालसारखं मलेबी तोडलं असतं, अन् मले तोच भेव होता. माहा नवरा विल्सन जाऊन अकरा वर्षं झाली. दादा, अकरा वर्षं मी एका मानसाचा भात टाकून राह्यली. हरकत घ्याले तीस दिवस हायेत. कागदावर पह्यली सही कोनाची हाये, तेवढं आठवजो.

तुहीच, ओरडलास तरी तुहीच,
सुकेशनी


वाशीम, २१ जुलै २०२३

सुकेशनीस,
आशीर्वाद द्यावा का नाई, हे शेवटी पाहू.

दोन दिवस रागानं जेवलो नाई. रूपानं ताट झाकून ठेवलं, इचारलंबी नाई. सोमवारी हरकत लिहाले त्या कार्यालयात गेलो. तथल्या बाईनं कारनं सांगतली: पह्यला नवरा नायतं बायको जिती असनं, वय कमी असनं, जवळचं नातं असनं, डोकं ठिकाणावर नसनं. डोक्याचं लिहाले पेन टेकवला. पन बाई म्हने, चौकशी होईन, घरच्यायलेबी बोलावतीन. मले वाटलं, पह्यले माहंच डोकं तपासतीन. कागद कोरा घेऊन उठलो.

काल गाडीनं जऊळक्याले आलो. तुह्याकडे नाई, मदनसिंगकडे. या वयात लगन कायले पायजे, म्हणून सरळ इचारलं. मानूस खाली पाहून बोलला. म्हने, पाय कवाचाच बरा झाला होता, पन पट्टी सुटली असती तं बाईचं येनं बंद झालं असतं. म्हणून दुखते दुखते म्हणत राह्यलो. मी म्हटलं, नर्सले हे समजलं नसन का? तं म्हने, समजलं होतं. पंधरा दिवस रोज सोडून परत बांधत होत्या.

मंग चहा घेतला, परतीची गाडी धरली.

तीन साक्षीदार लागतात म्हने. दोन कोनीबी आन. तिसरी जागा मोकळी ठेव, अन् तारीख लवकर कळव.

आशीर्वाद दिला.
दादा