धुऱ्यावर पडलेला तारा

१२ जानेवारी १९५६.
दगडवाल्या साहेबांनी कोरी डायरी दिली. म्हणाले, धुरपताबाई, शिधा लिहून ठेवा. शिधा मले तोंडपाठ आहे. मी आपलं लिहीन. कुरखेड्याकडच्या त्यांच्या कॅम्पात रांधून राह्यली, तर रोज एक शब्द शिकाचा. आजचा: स्पेसिमेन. म्हणजे दगडच, पण हात लावाचा नाई.

१५ जानेवारी.
मधातले दिवस बुडाले. आज भरून काढले. हेमेटाइट: लाल. मॅग्नेटाइट: काळं, लोहचुंबक धरते. घरी सांगितलं, तर मालक म्हणतात, आज भातात खडा लागला, त्याचं नाव काय? या माणसापुढं विद्या काढूच नये.

१९ जानेवारी, दिवस बुडताना.
तारा तुटला! आमच्याच धानाच्या बांधीवर पडला. तारा तुटताना दिसला तर सांगू नये, असं सासू म्हणे. मी धावतच कॅम्पात जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, ती उल्का. जमिनीवर पोचली तर काळी, जड असते, चुंबक धरते. जिथं सापडते त्या गावाचं नाव तिले देतात अन् म्युझियमात काचेत ठेवतात. आमची दहा घरांची टोली काचेत!

२० जानेवारी, सकाळी.
सापडली. आमच्या अन् जावेच्या बांधीमधल्या धुऱ्याच्या बांधावर. काळी, जड. अर्धी मातीत, इतक्या जोरानं पडली! वर शेवाळ होतं. आभाळात ओल असनच. साहेबांचं चुंबक आणलं होतं (विचारलं नाई, ते निजले होते). चिकटलं!
जाऊ कमळा तिकडून ओरडली, बाई, तो हद्दीचा दगड होये! मामाजीनं वाटणीच्या दिवशी गाडला! म्हटलं, तो खाली दबला, हा वरून पडला. म्हणे, मंग खालचा दाखवा. म्हटलं, पाताळात गेला. अडाण्याले किती समजवाचं?
खड्डा बुजवून टाकला. लोकं तुकडे शोधाले येतीन.

२३ जानेवारी.
साहेब चांद्याले गेले. उल्का कोनाड्यात. शेजारची सुगंधाबाई हळद-कुंकू घेऊन आली. मी हात धरला. वरची साल म्हणजे क्रस्ट, खराब होते. तिचं तोंड उतरलं, म्हणून एक बोट लावू दिलं. मंग अख्खी टोली आली. क्रस्ट पिवळा. उद्यापासून कोणालेच लावू देणार नाई.
मालक म्हणतात, दगड उपटला, आता हद्द कुठी? म्हटलं, मले डोळे मिटून दिसते.

२७ जानेवारी.
कमळानं धुरा सारखा केला अन् खुंटी रोवली. आमच्या बांधीत दोन हात आत! तेवढं लाखोळीचं पीक तिकडं गेलं. मालक काठी घेऊन निघाले. मी अडवलं. ज्याच्या घरचा दगड काचेत बसते, त्यानं दोन हात लाखोळीसाठी भांडाचं? शोभते का?
धुऱ्यावर जाऊन डोळे मिटले. हद्द दिसली नाई. उघडूनबी नाई.

२ फेब्रुवारी.
साहेब आले. उल्का लुगड्यात बांधून नेली, रस्त्यात कोणालेच दाखवली नाई, फक्त बाजारातल्या लोकाइले. साहेबांनी हातोडीनं टवका काढला, भिंग लावलं. हसले नाई, हे त्यांचं मोठेपण. आजचा शब्द: स्लॅग. जुन्या काळी इथी भट्टीत लोखंड गाळत, त्याचा कीट. म्हटलं, तारा भट्टीत पडला असन तर? म्हणाले, बाई, चहा ठेवा.
ते दगडातले साहेब आहेत. आभाळातलं त्याइले काय समजते?

३ फेब्रुवारी.
दगड परत नेला. कमळा धुऱ्यावरच उभी. म्हटलं, मामाजीचा दगड सापडला वं. म्हणे, कुठी? पाताळात? मंग खुंटीकडं बोट केलं. बाई, तुमचा तारा इथीच पडला होता. मी पाह्यलं ना आपल्या डोळ्यानं.
आता तारा कुठी पडला हे मी कोणत्या तोंडानं सांगू? खुंटीपाशी खड्डा तिनं खोदूनच ठेवला होता. दगड मी बसवला. मीच पायानं माती दाबली.
मालकांनी काठी कोपऱ्यात ठेवली.
सांजेले कमळानं वाटीभर लाखोळीची भाजी पाठवली. आमच्याच दोन हातांतली.
खाल्ली. मीठ कमी होतं.