जमिनीचा कानोसा घेणारी सुई

मी, लालासाहेब नानासो जगदाळे, मूळचा म्हसवडकडचा, तालुका माण, जिल्हा सातारा, हल्ली राहणार विश्रामबाग, सांगली, लष्कराच्या सिग्नल खात्यातून निवृत्त हवालदार, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. कानही चांगले आहेत, जरुरीपेक्षा जास्तच चांगले आहेत. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असे सुरुवातीला लिहायची रीत असल्याचे वकीलसाहेब म्हणाले. माणसाचे दडपण माझ्यावर नाही. मला पायाखालच्या जमिनीची भीती वाटते. ती झाकून ठेवली तर पुढची कलमे कोणाला समजणार नाहीत, म्हणून आधीच नमूद करतो.

कलम पहिले. विश्रामबागेतील दोन खोल्यांचे स्लॅबचे घर, पुढचे अंगण आणि बाजूची पत्र्याची पडवी माझी एकुलती मुलगी अंजना जोतिबा शिंदे हिला मिळावी. पोस्टातली शिल्लकही तिचीच. घर मी स्वतः रोज उभे राहून बांधून घेतले आहे. पाया मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा खणायला लावला. शेवटी गवंडी कंटाळून म्हणाला, "हवालदार, घर बांधताय का किल्ला?" इतके करूनही या घरात मी एक दिवस झोपलो नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात अंगणात खाट टाकतो, पावसाळ्यात पडवीत. अंगावर पत्रा पडला तर माणूस वाचू शकतो. आतली वस्तू लागली तर श्वास रोखून आत जातो आणि हाती येईल ते घेऊन बाहेर येतो. गेल्या वर्षी पोस्टाचे पुस्तक आणायला गेलो आणि लाटणे घेऊन आलो. शेजारी हसले. हसण्यासारखेच होते.

कलम दुसरे. रेकॉर्ड वाजवण्याचे जुने विलायती यंत्र आणि ते ज्यावर असते ते सागवानी टेबल, हेही अंजनाला. यंत्र बासष्टच्या लढाईच्या आधीचे आहे. पलटणीने मोडीत काढले तेव्हा मी ते लिलावात घेतले, कारण त्याची दुरुस्ती मीच करत असे आणि ते भंगारात जाताना मला पाहवेना. माझी पत्नी राहीबाई आधी नाराज झाली होती. पुढे तीच रोज संध्याकाळी पदराने रेकॉर्ड पुसून माझ्या हातात देऊ लागली.

सैन्यातून सुटल्यावर मला कोयनेच्या वसाहतीत टेलिफोनचे काम मिळाले. आम्ही तिघे जवळच्याच एका गावात दगडमातीच्या भाड्याच्या घरात राहत होतो. सदुसष्ट सालच्या डिसेंबरात, पहाटे, मी कामावर जायला उठलो होतो आणि अंगणात चूळ भरत होतो. आधी आवाज आला. जमिनीच्या पोटातून मालगाडी यावी तसा. मी घराकडे वळलो, आणि वळेपर्यंत घर खाली बसलेले होते. धुळीत काही दिसत नव्हते. गावातली कुत्रीसुद्धा ओरडत नव्हती. राहीबाईवर मधली भिंत आली. ती मला सकाळी सापडली. अंजना तेव्हा शाळकरी होती, टेबलाला लागून झोपली होती. तुळई टेबलावर अडकली आणि त्या पोकळीत ती जिवंत राहिली. तिला उन्हे आल्यावर बाहेर काढली. यंत्रही वाचले. सुईची दांडी वाकली होती, एवढेच.

नंतरही महिनोन् महिने भूकंपाचे धक्के येत राहिले. लोक सावरले, घरे बांधू लागले. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली, की आवाज आधी येतो. तो थोडा अगोदर ऐकू आला असता तर मी आत गेलो असतो, दोघींना ओढून काढले असते. अंजनाला घेऊन मी सांगलीला आलो, तरी कान जमिनीलाच लागलेले राहिले.

कलम तिसरे. यंत्राच्या मांडणीविषयी. हे नीट वाचावे, कारण माझ्यामागे कोणाला विचारता येणार नाही.

पडवीत जमिनीत पुरलेली एक फरशी आहे, टेबल तिच्यावरच ठेवावे. गवंड्याची पाणसळ रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीवर आडवी आणि उभी ठेवून पाहावी. बुडबुडा मधोमध येईपर्यंत टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवावेत. मग दांडीमागचे वजन फिरवत जावे. दांडी वरही जात नाही आणि खालीही येत नाही, हवेत नुसती तरंगते, अशी एक जागा सापडते. तिथून वजन किंचित पुढे घेतले की सुई रेकॉर्डवर बेताने टेकते. गाणे ऐकायचे असेल तर आणखी थोडे पुढे घ्यावे, नाहीतर सुई उडते. थाळी फिरवणारे रबरी चाक कडक झाले की आवाज रडका होतो. थाळीवर रेघांचा कागद ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहावे. वेग बरोबर असेल तर फिरत्या कागदावरच्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात.

ही झाली गाण्याची मांडणी. दुसरी मांडणी माझी आहे. तीत थाळी बंद ठेवायची, सुई अगदी हलकी टेकवायची आणि आवाज पूर्ण चढवायचा. मग सुईला जमिनीखालचे ऐकू येते. रस्त्यावरून उसाची गाडी गेली तर ती येण्याआधी कळते. दोन घरे पलीकडे कोणी उखळात कांडत असेल तर तेही कळते. एकदा मी पुष्कळ वेळ ठोके ऐकत घामाघूम झालो. शेवटी लक्षात आले, मी टेबलाला छाती टेकून बसलो होतो आणि ते ठोके माझेच होते. इतकी वर्षे रोज अंधार पडला की मी अशी सुई लावून बसत आलो.

कलम चौथे. राहीबाईचा भाऊ गुंडा याला लाऊडस्पीकरचा कर्णा द्यावा, कारण त्याला सगळे मोठ्याने लागते. यंत्राला त्याने हात लावू नये. एका लग्नासाठी ते म्हसवडला नेऊन त्याने दांडी पुन्हा वाकवली आणि वजन हरवून त्या जागी खिळे बांधून परत केले. ते मी सोसले. पण चारचौघांत तो म्हणाला, "दाजी, तुमी जमिनीला डॉक्टरची नळी लावून बसा, आमी हाय तवर जगतो." बहिणीच्या वर्षश्राद्धाला त्याने हे म्हणायला नको होते. कर्णा द्यावा, आणि मी त्याच्याशी बोलत का नव्हतो तेही सांगावे.

कलम पाचवे. गेल्या दिवाळीच्या आधी जे घडले ते या मृत्युपत्राचे कारण आहे.

अंजना पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती. जावई जोतिबा पलटणीत, सीमेवर. घरात बाई माणूस नाही म्हणून गल्लीतल्या अंबूबाई मदतीला येत. त्यांनी आयुष्यभर दवाखान्यात बाळंतपणे केली आहेत. मी पडवीत खाट टाकली, चहूबाजूंनी गोणपाट बांधले, पाणी तापवायची सोय केली. स्लॅबखाली माझी मुलगी अडकून पडणार, तिला उठता येणार नाही, या विचाराने मला अन्न जात नव्हते. अंबूबाईंनी गोणपाट पाहिले आणि म्हणाल्या, "हवालदार, ही काय शेरडी हाय व्हय, गोठ्यात बाळंत व्हायला?" मी अंजनाला विनवले. ती आतल्या खोलीत जाऊन पडली.

कळा दुपारी सुरू झाल्या. मी पडवीत सुई लावून बसलो. दिवेलागण झाली, शेजारची जेवणे झाली. आतून अंजनाचा आवाज आला की माझ्या हाताचा टेबलाला धक्का लागे आणि सुई खरवडे, म्हणून मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. मग तो आवाज आला. गाडीचा आवाज चढतो आणि उतरतो. हा नुसता चढत गेला. कोयना सोडल्यापासून मी तो ऐकला नव्हता, तरी ओळखायला क्षण लागला नाही.

मी धावत दारापर्यंत गेलो. "अंजना, ऊठ. आला."

अंबूबाईंनी मान हलवली. बाळाचे डोके दिसत होते, तिला हलवणे शक्य नव्हते. अंजनाने खाटेची पट्टी धरली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाली, "मी एकदा ढिगाऱ्याखाली हुते, आबा. मला ठावं हाय तितं कसं असतंय. एकटीनं न्हाई ऱ्हावत. तुमी आत या."

मी श्वास रोखून उंबरठा ओलांडला. आत गेलो, खाटेवर वाकलो आणि दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना टेकले. छत आले तर आधी माझ्या पाठीवर येईल, एवढेच मनात होते. तेवढ्यात धक्का लागला. फळीवरची भांडी खडखडली, दिवा हेलकावे खाऊ लागला, चुन्याची भुकटी माझ्या मानेवर पडली. मी डोळे मिटले. माझा घाम अंजनाच्या कपाळावर गळत होता. मग भांडी थांबली. अंबूबाई म्हणाल्या, "हवालदार, आता बाजूला सरा. माझं काम ऱ्हायलंय." थोड्या वेळाने मुलगी झाली. बाहेर सारी गल्ली रस्त्यावर उभी होती. कोयनेकडे मोठा धक्का बसल्याचे दुसऱ्या दिवशी पेपरात आले.

माझी भीती गेली असे मी लिहून देणार नाही. ते खोटे होईल. आजही खोलीत बसलो की नजर वर जाते, आणि छत खाली येताना मी जागेपणी पाहतो. पण त्या दिवशी सुईने मला वेळेवर सांगितले, आणि सांगून उपयोग काहीच झाला नाही. धावायला वाव नव्हता. आत जायचे होते.

कलम सहावे. बाळ महिन्याचे झाल्यावर अंजनाने मला न विचारता दांडीमागचे वजन पुढे घेतले आणि आईच्या आवडीची रेकॉर्ड लावली. मी ते वजन परत मागे घेतले नाही. म्हणून असे ठरवतो की यंत्र गाण्याच्या मांडणीतच राहावे. माझ्या मागे जमीन ऐकत बसण्याची जबाबदारी अंजनावर, जावयावर वा नातीवर नाही. कोणी तशी घालू पाहिली तर हे कलम दाखवावे.

कलम सातवे. मला कृष्णाकाठी अग्नी द्यावा, पण शेडखाली नको, उघड्यावर द्यावा. पाऊस असेल तर तो थांबेपर्यंत वाट पाहावी. एवढा हट्ट पुरवावा.

अंबूबाई साक्षीदार असल्याने त्यांच्या नावे काही ठेवणे योग्य नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून त्यांना इरकली लुगडे आधीच दिले आहे. त्यांनी रंगाला नावे ठेवली आणि ते घेतले.

वर सातव्या कलमात "थांबेपर्यंत" या शब्दावर शाईचा डाग पडला आहे, ती खाडाखोड समजू नये. तिथवर आलो असता आत नात रडली. अंजना आडावर गेली होती. मी लेखणी टाकून आत गेलो, तिला उचलले आणि झोप लागेपर्यंत खोलीत फेऱ्या मारल्या. वर पाहायचे राहून गेले.

ठिकाण: विश्रामबाग, सांगली
तारीख: १९ मार्च १९७४

(सही) लालासाहेब नानासो जगदाळे

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. अंबूबाई आप्पासो कोळेकर, विश्रामबाग (सही)
२. हंबीरराव बाबासो थोरात, निवृत्त सुभेदार, विश्रामबाग (सही)