चौथी बिडी

घरात करमत नाय म्हणून नदीवर जातो, असं काही नाय, बा. कोणी विचारलेलं नाय, तरी सांगून ठेवतो. कारखान्यातले लूम भंगारात गेले, ड्युटी संपली, ती गोष्ट वेगळी. मला मासा पाहिजे. एकच, पण गळाला लागलेला, माझ्या हाताने काढलेला. बाजारात पाहिजे तेवढा मिळतो, हे मलापण कळतं.

सल्ले द्यायला सगळे पुढे. दुकानदार म्हणाला, "काका, रॉड घ्या, रीळ घ्या, घडीची खुर्ची घ्या." म्हटलं, मासा पकडायचाय, संसार नाय थाटायचा. नायलॉनची दोरी, चार गळ आणि शिसाचा गोळा घेतला, दोरी लूमच्या जुन्या लाकडी बाबीनवर गुंडाळली. आमिषाला कोलंबीचे तुकडे. झालं. नातीने मोबाइलवर भरतीची वेळ काढून दिली, दहाला पाणी चढायला लागणार. मी पावणेदहाला हजर. दहा वाजले, साडेदहा, अकरा. नदी आपली खालीच चाललेली. काठाला नुसता चिखल, त्यात निवट्या, ते चिखलातले बारके मासे, उड्या मारतायत. गळ टाकला तो चिखलात रुतला. सव्वाअकराला शिव्या घालत घरी. असे आठ दिवस. रोज मोबाइलची वेळ वेगळी, माझी गत तीच. तुझी सून दारातच उभी. "मासे आणायला जाता का नदी मोजायला?"

नवव्या दिवशी मी दोरी गुंडाळायला घेतली, तर शेजारी एक उत्तरेकडचा म्हातारा दोरी सोडून बसलेला. तोपण जन्मभर लूमवरच होता. म्हणाला, "चाचा, रोज बारात आने से पहले ही उठ जाते हो."

"मोबाइल का टाइम तो कब का हो गया," मी म्हटलं.

"वो बंबई का पानी है. यहाँ तक चलके आएगा ना? डेढ़-दो घंटा बैठो चुपचाप."

मी बसलो. आणि बसल्या बसल्या तू आठवलास, तशी डोक्यात अशी तिडीक गेली, बा, की काय सांगू.

मी दहा-अकरा वर्षांचा. तू पहिल्यांदाच मला बरोबर नेतोस. बोटांच्या पेरांवर तिथी मोजतोस, भरतीची वेळ काढतोस, काठावर येतोस आणि दगडावर बसून बिडी पेटवतोस. एक संपते. मग कितीतरी वेळाने दुसरी. गळ कोरडाच. मी म्हणतो, "बा, टाक ना." तू म्हणतोस, "गप." तिसरी. "बा, येळ झाली ना?" "गप म्हनलं ना!" चौथी पेटवायला तू वाऱ्याकडे पाठ करून मान खाली घालतोस, आणि मी गळ उचलून भिरकावतो. तो जातो उघड्या दगडांत. अडकतो. मी ओढतो, दोरी तुटते. तुझ्याकडे तेवढा एकच गळ होता. तू तुटकं टोक हातात धरून बघितलंस. मारलं नायस. म्हणालास, "तुझ्याच्यानं हे व्हायचं न्हाय. तू लूमवर जा, तिथं घाई चालते." परत कधी नेलं नायस. मी लूमवर गेलो.

म्हणजे तू पाण्याची वाट बघत होतास. चार बिड्या संपेपर्यंत पाणी समुद्राकडून इथवर येतं, हे तुला माहीत होतं. मग सांगायचं ना! "पोरा, पानी वाटेत हाय." चार शब्द. तेवढ्याने काय जीभ झिजणार होती? मला पन्नास वर्षं वाटलं, माझ्यातच काही कमी आहे.

तर पाणी आलं. मगाशी खाली वाहत गेलेली थर्माकोलची ताटली परत वर आली, तेव्हा कळलं. मग दुसरी कटकट. लूमवर धागा तुटला की हात आधी जातो, डोकं मागून. दोरी जरा थरथरली की मी हिसका मारतोय. तीनदा मासा सुटला. म्हातारा हसून बेजार. "धागा नहीं है चाचा, मछली है. खाने तो दो उसको!"

चौथ्यांदा हात मांडीखाली दाबून बसलो. शिंगाळा निघाला, वीतभर. काढताना त्याचा काटा अंगठ्यात घुसला, अजून ठणकतोय. घरी नेला तर तुझी सून म्हणते, "कारखान्यांचा रंग पिऊन वाढलाय तो. माझ्या तव्यावर नाय." मांजरीला टाकला. तिने वास घेतला आणि निघून गेली.

पण माझ्याच्यानं झालं, बा. तू खोटा पडलास. हे तुला ऐकवायचं होतं म्हणून लिहायला बसलो. आता हा कागद पाठवायचा कुठे? कोलंबीच्या पिशवीत पडेल, भिजेल.

आणि एक. त्या दिवशी मला माशाची घाई नव्हती. तीन बिड्या झाल्या तरी तू एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतंस. गळ टाकला की बघशील, काहीतरी बोलशील, म्हणून टाकला.

बस. यापुढे मला काही बोलायचं नाय.