माडांचं मीठ आणि अण्णांचं रान

७ एप्रिल
मृणाल आली. अण्णांची थोरली, माझी पुतणी. संगणकात आख्खा आमचा डोंगर घालून आणलाय: रान, उतार, त्यावरून वाहणारा पऱ्या, खाली खाडी. अण्णांना वरचं रान साफ करून काजू लावायचेत. रान गेल्यावर विहिरींचं काय होईल, खाडीचं खारं पाणी आत शिरेल का, हे ती संगणकात आधीच करून बघणार. बापाच्याच जमिनीवर! धाडस बघा पोरीचं.

९ एप्रिल
सकाळपासून विहिरी पालथ्या घालतेय. बाटल्या, मीटर, डोक्यावर ऊन. जेवायला हाक मारली, आली ती उन्हं कलल्यावर. सोलकढी प्यायली नि परत पऱ्याकडे.

११ एप्रिल
घोळ. खाडीकाठची विहीर गोडी, आणि माझ्या परसातली, एवढी उंचावरची, ती मचूळ! संगणकातलं मॉडेल काही केल्या जुळेना.
अण्णा खूश. "रान उभं आहे तरी पाणी खारट. मग रानाचा संबंध काय? सोमवारी जेसीबी सांगितलाय."
मला वाटलं, आता आकडा थोडा इकडचा तिकडे करील. कोणाला कळणार? तर म्हणते, "आकडा वाकवायचा नाही काका. मीठ येतंय कुठूनतरी, ते शोधायचं."

१३ एप्रिल
सापडलं. शोभा झाली माझी! विहिरीला लागून माझे माड. दरसाल आळ्यांत खडेमीठ घालतो, बापजाद्यांपासूनची रीत. यंदा हात जरा सैल सुटला. वर रोजचं शिपणं, म्हणजे सगळं मुरून विहिरीत. पोरीने पडवीतलं रिकामं पोतं बघितलं, मग माझ्याकडे.
"काका, किती घातलंत?"
"अगो, माडांना विचार."
हसून बेजार. माझी विहीर हिशेबातून बाद. बाकीच्या बरोबर जुळल्या.

१४ एप्रिल
संध्याकाळी ओटीवर अण्णांना दाखवलं. सगळं रान काढलं तर पाऊस मुरत नाही, पऱ्याने धावत सुटतो. मे महिन्यात खालच्या, खाडीकाठच्या विहिरीचं पाणी उतरतं, खाडी आत सरकते. आख्खी वाडी त्याच विहिरीचं पाणी पिते.
"नक्की?" अण्णा.
"नक्की नाही बाबा. बहुतेक. किती, ते पावसावर."
मी असतो तर छातीठोक सांगून मोकळा झालो असतो. हिने बापासमोर एक शब्द फुगवला नाही. ऊर भरून आला माझा.
अण्णा उठून गेले.

१५ एप्रिल, सोमवार
जेसीबी दारात. ड्रायव्हर चहा पितोय. अण्णा खालच्या विहिरीवरून आले, पाय ओले.
"मृणाल, उतारावरचं रान तसंच ठेवलं, नि फक्त माथ्यावर काजू लावले तर?"
"बघते बाबा. वेळ लागेल थोडा."
अण्णा ड्रायव्हरकडे वळले. "थांब रे. आणखी एक चहा घे."
संगणकाचं गणित चालू, पडद्यावरची रेघ सरकतेय. आम्ही दोघे म्हातारे पोरीच्या मागे उभे.